शाळेला नकार देणारे मूल आणि पालकांचे कर्तव्य

हुबळी शहरातून गोकुळ गावाकडे व पुढे विमानतळाकडे जाणारा गोकुळ रोड हा या जोडशहरातील एक वर्दळीचा रस्ता होय. औद्योगिक वसाहत, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय, बसस्थानक आणि त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्त्या यांनी हा रस्ता गजबजलेला असतो. कामगार, चालक, वाहक, कारकून, लहान दुकानदार अशी कष्टाची मिळकत असणारी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे कन्नड भाषिकांच्या शेजारी मराठी बोलणारी घरेही या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या साऱ्या घरांची सकाळ घड्याळाच्या काट्यावर चालते. वडिलांची पाळी, आईचा डबा, मुलांची शाळा यांपैकी एकाची वेळ चुकली तरी सगळ्या घराची घडी विस्कटते.

अशा घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एके दिवशी सकाळी अंथरुणातून उठत नाही आणि ‘मी शाळेत जाणार नाही’ असे सांगते, तेव्हा आईवडिलांच्या पायांखालची जमीन सरकते. प्रथम समजूत, मग दटावणी, मग मार, आणि अखेर हताश मौन, अशा क्रमाने बहुतेक घरांतील प्रयत्न संपतात. तोवर महिना-दीड महिना लोटलेला असतो, अभ्यास मागे पडलेला असतो आणि परतीची वाट पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी अवघड झालेली असते. हा प्रश्न गोकुळ रोडपुरता नाही. खेड्यात, तालुक्याच्या गावी, सुखवस्तू आणि गरीब अशा सर्वच घरांत तो आढळतो. यास्तव त्याचे स्वरूप, कारणे व उपाय यांचा विचार पालकांनी, शिक्षकांनी आणि शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांनी एकत्रितपणे करणे अगत्याचे आहे.

वय आणि कायदा

घटनेच्या ८६ व्या दुरुस्तीने २००२ मध्ये सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट झाला. त्यानुसार २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. या कायद्याचे छत्र आठवीपर्यंत आहे. मुलाच्या मनातील वादळ मात्र नेमके त्याच सुमारास सुरू होते. कर्नाटकात आठवीपासून माध्यमिक शाळा सुरू होत असल्याने अनेकांची शाळा बदलते, विषय वाढतात, कित्येकांचे माध्यम बदलते, आणि दोन वर्षांनी येणाऱ्या दहावीच्या परीक्षेची धास्ती घरात आतापासूनच शिरते. म्हणजे कायद्याचा आधार सुटण्याची आणि मुलाला आधाराची सर्वाधिक गरज भासण्याची वेळ एकच येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उद्धृत केलेले आकडे हेच सांगतात. सहावी ते आठवीच्या वर्गांत पटनोंदणीचे ढोबळ प्रमाण ९०.९ टक्के होते. नववी-दहावीत ते ७९.३ टक्क्यांवर आणि अकरावी-बारावीत ५६.५ टक्क्यांवर आले. गळणारी सर्वच मुले स्वतःहून शाळा नाकारतात असे अर्थातच नाही. दारिद्र्य, शाळेचे अंतर, घरकाम, मुलींची लवकर होणारी लग्ने ही कारणे मोठी आहेत. तथापि आठवीनंतरचा काळ नाजूक असतो, एवढे या आकड्यांवरून निःसंशय दिसते.

तीन वेगळ्या गोष्टी

‘मूल शाळेत जात नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिली म्हणजे, मुलाची जाण्याची इच्छा असूनही घरच्या अडचणीमुळे त्याला न पाठविणे. येथे दोष परिस्थितीचा असतो आणि उपाय शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रवासाची सोय यांत असतो. दुसरी म्हणजे शाळा बुडविणे. मूल दप्तर घेऊन घरातून निघते, पण शाळेत पोहोचत नाही. दिवस मित्रांबरोबर बाहेर घालविते आणि ही गोष्ट घरापासून लपविते. तिसरी म्हणजे शाळेला नकार देणे. हे मूल काही लपवीत नाही. ते आईवडिलांच्या डोळ्यांदेखत घरी राहते, शाळेचे नाव काढताच रडते, चिडते किंवा गप्प होते. पुष्कळदा असे मूल एरवी आज्ञाधारक आणि अभ्यासू असते, म्हणूनच घरच्यांना अधिक धक्का बसतो.

हा भेद प्रथम स्पष्टपणे मांडला गेला तो १९३२ मध्ये. ब्रॉडविन या अमेरिकन अभ्यासकाने शाळा बुडविणाऱ्या मुलांत एक निराळा, भयग्रस्त गट दाखवून दिला. १९४१ मध्ये अॅडलेड जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला ‘शाळेची भीती’ असे नाव दिले. पुढील संशोधनाने हे नावही अपुरे ठरविले. कारण प्रत्येक नकाराच्या मुळाशी भीतीच असते असे नाही. आज या वर्तनाकडे एक लक्षण म्हणून पाहिले जाते. ताप आला म्हणजे वैद्य ज्याप्रमाणे तापावर रागावत नाही, त्याचे कारण शोधतो, त्याप्रमाणेच येथेही वागणे इष्ट होय.

नकाराची कारणे

ख्रिस्तोफर कर्नी व वेंडी सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक उपयुक्त दृष्टी दिली. मूल शाळा का नाकारते यापेक्षा, घरी राहून त्याला काय साधते, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्याची चार उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर असे की, शाळेतील एखाद्या गोष्टीने होणारी घालमेल टळते. ही गोष्ट गर्दीची बस असेल, अस्वच्छ शौचालय असेल किंवा एखादा विषय असेल. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलीला शाळेत पाण्याची व आडोशाची सोय नसेल, तर महिन्यातील काही दिवसांची गैरहजेरी हळूहळू कायमची होते.

दुसरे उत्तर असे की, चारचौघांसमोर होणारी फजिती टळते. फळ्यापाशी उभे करणे, गुण मोठ्याने वाचून दाखविणे, उंची, रंग, आवाज किंवा जातीवरून होणारी चेष्टा, यांचा घाव या वयात खोल जातो. भाषेचा प्रश्नही येथेच येतो. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि नव्या शाळेत इंग्रजी माध्यम, अशा तीन भाषांच्या कात्रीत सापडलेले सीमाभागातील मूल उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही. त्याचे मौन म्हणजे मंदपणा, अशी समजूत वर्गात एकदा रूढ झाली की ते वर्गच टाळू लागते.

तिसरे उत्तर असे की, घरातील माणसाचा सहवास व लक्ष मिळते. आईचे आजारपण, वडिलांचे व्यसन, घरातील भांडणे किंवा नुकताच झालेला मृत्यू, अशा प्रसंगी मुलाला ‘आपण घरी नसताना काही विपरीत घडेल’ असे वाटत राहते. हे मूल घर राखण्यासाठी घरी थांबलेले असते.

चौथे उत्तर असे की, घरी अधिक सुखाच्या वस्तू मिळतात. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवरील खेळ आणि दिवसा झोप, असा क्रम एकदा बसला की शाळेचा वर्ग त्याच्यापुढे फिका पडतो.

याखेरीज शरीराची तपासणी विसरता कामा नये. कमी दिसणे, कमी ऐकू येणे, रक्तक्षय, अपुरी झोप या साध्या गोष्टी कित्येकदा वर्षानुवर्षे ध्यानी येत नाहीत. वाचन, लेखन किंवा गणित यांपुरतीच विशिष्ट अध्ययन-अक्षमता असणारी बुद्धिमान मुलेही असतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने या अक्षमतेला मान्यता दिली असून रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळू शकतात. मनाच्या विकारांचाही विचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर सात जणांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो.

दिवस का महत्त्वाचे

सोमवारी सकाळी पोट दुखते, शाळेची वेळ टळताच दुखणे थांबते, आणि रविवारी ते मुळीच होत नाही. याला पालक ‘सोंग’ म्हणतात. परंतु भीतीने पोटात खरोखरच कळ येते, मळमळते, छाती धडधडते. हे दुखणे खोटे नसते, फक्त त्याचे मूळ पोटात नसते. मूल घरी राहिले की भीती तत्काळ ओसरते आणि सुटकेचा हा अनुभव मनात पक्का बसतो. दुसऱ्या दिवशी भीती अधिक जोराने येते. बुडालेला अभ्यास, ‘इतके दिवस कोठे होतास?’ हा मित्रांचा संभाव्य प्रश्न, शिक्षकांचा अपेक्षित राग, यांची त्यात भर पडते. अशा रीतीने मूळ कारण नाहीसे झाले तरी गैरहजेरीच नव्या गैरहजेरीचे कारण बनते. म्हणून ‘आपोआप शहाणा होईल’ असे म्हणून महिना घालविणे जितके घातक, तितकेच पहिल्याच सकाळी फरफटत नेणेही घातक होय.

पालकांनी काय करावे

१. शाळेविषयी निर्णायक बोलणे सकाळी करू नये. सकाळी मूल भीतीच्या भरात आणि पालक घाईत असतात. संध्याकाळी, जेवणानंतर, एकाच व्यक्तीने शांतपणे बोलावे. ‘का जात नाहीस?’ हा प्रश्न आरोपासारखा लागतो. ‘शाळेतला कोणता तास सर्वांत जड जातो?’, ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस?’ असे लहान प्रश्न अधिक सांगून जातात.

२. मारू नये, शेजारच्या मुलाशी तुलना करू नये आणि आमिषेही दाखवू नयेत. माराने घर हे दुसरे भयस्थान होते. आमिषाने नकाराची किंमत ठरते आणि ती दर आठवड्याला वाढते.

३. आई व वडील यांचे बोलणे एक असावे. एकाने दटावायचे आणि दुसऱ्याने पाठीशी घालायचे, असे घडले की मूल त्या फटीत आसरा घेते. आजी-आजोबांनाही विश्वासात घ्यावे.

४. घरी राहण्याचा दिवस सुट्टीचा होऊ देऊ नये. नेहमीच्या वेळी उठणे, आंघोळ, न्याहारी, शाळेच्या तासांत पुस्तक हाती घेणे हा क्रम चालू ठेवावा. त्या वेळात मोबाईल व दूरदर्शन बंद असावेत. यात शिक्षेचा भाव नसावा. दिवसाची घडी मोडू नये इतकाच हेतू असावा.

५. परतीच्या वाटेला पायऱ्या कराव्यात. प्रथम काही दिवस गणवेश घालून, दप्तर भरून शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यावे. मग आवडत्या शिक्षकांचा एक तास बसावे. पुढे मधल्या सुट्टीपर्यंत, आणि त्यानंतर पूर्ण दिवस. एका पायरीवर मूल अडखळले तर तेथेच थांबावे, मात्र पुन्हा तळाशी येऊ नये.

६. शाळा बदलण्याची घाई करू नये. कारण न शोधता शाळा बदलली तर तीच अडचण नव्या वर्गात मुलाबरोबर जाते. छळ सिद्ध झाला असेल किंवा माध्यम मुळीच झेपत नसेल, तर मात्र बदल अवश्य करावा.

७. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. हुबळीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय व धारवाड येथील मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था या भागातील लोकांना जवळ आहेत. अन्यत्र जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे जावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मूल ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा खाणेपिणे सोडून एकटे बसू लागले, तर एक दिवसही थांबू नये. छळ किंवा अत्याचार होत असल्यास बालकांसाठी असलेला १०९८ हा क्रमांक आहे.

शिक्षकांचा वाटा

पालकाचे सारे प्रयत्न अखेर वर्गाच्या दारापाशी येऊन थांबतात. त्या दारात उभे असलेले शिक्षक काय बोलतात, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘या, आलात का साहेब!’ या एका उपरोधाने तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते. परत आलेल्या मुलाला चौकशीविना जागेवर बसू द्यावे, शेजारी समजूतदार सोबती द्यावा आणि बुडालेला अभ्यास थोडाथोडा भरून काढू द्यावा. २००९ च्या अधिनियमातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. यातील दुसरा शब्द शाळांतून अजून पुरेसा रुजलेला नाही.

हजेरीपट हा केवळ खात्याला पाठवावयाचा तक्ता नव्हे. सोमवारी वारंवार, चाचणीच्या दिवशी नेमकेपणाने किंवा एकाच विषयाच्या दिवशी अनुपस्थित राहणारे मूल त्यात पहिल्यांदा दिसते. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकाने घरी निरोप पाठविला तर पुढचे पुष्कळसे टळते. पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनीही भेटीच्या वेळी पटसंख्येबरोबर अशा मुलांची विचारपूस करावी, आणि शौचालय, पाणी व बसच्या वेळा यांचा या गैरहजेरीशी संबंध तपासावा.

थोरांची उदाहरणे आणि त्यांचा खरा अर्थ

शाळा नाकारणारी मुले, आणि कधी त्यांचे पालकही, थोर माणसांचे दाखले देतात. अशी दोन उदाहरणे या मुलखातीलच आहेत. गोकुळ रोडवर किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना उभा राहिला. हे ज्या घराण्याचे नाव, त्या घराण्याच्या उद्योगाचे प्रवर्तक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. रूढ शिक्षणात त्यांचे मन रमत नसे. वडिलांची इच्छा डावलून १८८५ मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले, आणि या कामी वडील बंधू रामुअण्णा यांनी त्यांना साहाय्य केले. रंगांधत्वामुळे चित्रकला सोडावी लागली, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत अध्यापक झाले. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली.

दुसरे उदाहरण पंडित भीमसेन जोशी यांचे. त्यांचे वडील गुरुराज जोशी हे स्वतः शिक्षक. १९३३ मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, भीमसेन गुरूच्या शोधात गदगचे घर सोडून गेले. भटकत ते ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली करीत जालंधरपर्यंत पोहोचले. वडिलांनी शोध घेऊन त्यांना तेथून घरी आणले. पुढे १९३६ मध्ये हुबळीजवळच्या कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे त्यांची तालीम सुरू झाली.

या कथांतून ‘शाळेवाचून अडत नाही’ असा बोध काढणे चुकीचे ठरेल. दोघांपैकी कोणीही घरी स्वस्थ बसले नव्हते. एकाने चित्रशाळा गाठली, दुसऱ्याने गुरुगृहाची खडतर शिस्त पत्करली. दोघांना कशाची तरी ओढ होती, आणि ती ओळखून साथ देणारे घरातले एक माणूस होते. एकाला भाऊ, दुसऱ्याला वडील. पालकांनी घ्यावयाचा धडा हाच. मूल कशापासून पळते आहे की कशाकडे धावते आहे, हे आधी ओळखावे. पळणाऱ्याला धीर द्यावा, धावणाऱ्याला गुरू शोधून द्यावा. गुरूविना आणि शिस्तीविना मोकळे सोडणे हे दोन्ही प्रसंगी अनुचित होय.

दुसऱ्या वाटा

सर्व प्रयत्नांनंतरही नेहमीची शाळा शक्य न झाल्यास शिक्षणाची वाट बंद होत नाही. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला घरी अभ्यास करून दहावीची परीक्षा देता येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत काही व्यवसायांना आठवी उत्तीर्णांस प्रवेश असतो. शासकीय हत्यार-घर व प्रशिक्षण केंद्राची शाखा हुबळीत आहे. तेथील पदविकेसाठी मात्र दहावी लागते. ही बाब मुलासमोर अवश्य ठेवावी; कारण ‘मला यंत्रावर काम करायचे आहे’ म्हणणाऱ्या मुलाला यंत्राकडे जाणारी वाटही दहावीवरून जाते, हे उमगल्यावर पुस्तकाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलू शकते.

‘शाळा नको ना, मग चल कारखान्यात’ असे वडील रागाने म्हणतात. येथे कायद्याची मर्यादा ध्यानात घ्यावी. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर घरच्या उद्योगात मदत करण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी आहे.

जपानसारख्या शिस्तप्रिय देशातही हा प्रश्न मोठा आहे. तेथे २०२३ या शैक्षणिक वर्षात प्राथमिक व कनिष्ठ माध्यमिक शाळांतील ३,४६,४८२ मुले, आजारपण किंवा आर्थिक अडचण नसताना, तीस किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहिली. तेथील संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये कायदा करून शाळेबाहेरील शिक्षणाच्या सोयींना व अशा मुलांच्या विश्रांतीच्या गरजेला मान्यता दिली. यावरून, हे केवळ आपल्या घरातील संस्कारांचे अपयश नव्हे, एवढे तरी पालकांनी मनाशी धरावे. अपराधीपणाने खचलेले आईबाप मुलाला आधार देऊ शकत नाहीत.

मुलाचा नकार हा घराशी झालेला संवादच असतो. फक्त त्याची भाषा कडू असते. जे मूल ‘जाणार नाही’ असे म्हणते, ते अजून बोलते आहे. ते बोलणे थांबण्यापूर्वी पालकांनी ऐकावे, शिक्षकांनी दार उघडे ठेवावे आणि अधिकाऱ्यांनी त्या दारापर्यंतची वाट सुकर करावी. तिघांनी आपापला वाटा वेळेवर उचलला, तर हजेरीपटावरील रिकाम्या चौकटी पुन्हा भरू लागतील.